गाडी पळवायची शाळा

डिसेंबरच्या सुट्टीत कुठं जायचं यावरून त्या वर्षी संयोगिता आणि मकरंद यांच्यात वाद झाला नाही. एरवी तिला समुद्र हवा असायचा आणि त्याला घाट. या वेळी लग्नाला दहा वर्षं पूर्ण होत होती, आणि मकरंदनं एकच गोष्ट मागितली. त्याला खऱ्या ट्रॅकवर गाडी पळवायला शिकायचं होतं.

"शर्यतबिर्यत काही नाही गं," तो म्हणाला. "पण गाडी किती जाऊ शकते आणि मी किती जाऊ शकतो, ते एकदा बघायचंय."

मकरंद चामराजपेटेत वाढलेला. त्याच्या पणजोबांपासून हे घराणं बेंगळुरात, त्यामुळे घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि रागावला की दोन्ही. होसकोटेच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक बनत, तिथं तो इंजिनिअर होता. संयोगिता पुण्याहून नोकरीसाठी आलेली, आयटीतली. त्यांचं जमलं तेच मुळी त्याच्या जुन्या गाडीत. रविवारी पहाटे तो तिला कोलारच्या रस्त्यानं इडली खायला न्यायचा, आणि येताना ती शेजारच्या सीटवर झोपून जायची. इतकी गाढ झोप तिला घरीसुद्धा लागत नसे. लग्नानंतर कोरमंगलात घर घेतलं तरी रविवार तसेच राहिले. स्वतःचं लायसन्स तिनं कधीच काढून ठेवलं होतं, पण चालवायची वेळ आली नव्हती.

"चालेल," ती म्हणाली, "पण शाळा मी निवडणार."

"का?"

"कारण तू व्हिडिओ बघून निवडशील."

तो हसला, कारण चेन्नईजवळच्या एका शाळेचा व्हिडिओ त्याच्या फोनवर तेव्हाही चालूच होता. छप्पर नसलेल्या, जमिनीला चिकटलेल्या, एकट्यानं बसायच्या गाड्या. त्याचा जीव तिथं अडकला होता. दुसरी एक शाळा कोइमतूरला होती; तिथला ट्रॅक लहान, पण तारखा सोयीच्या. संयोगितानं दोन्हीकडे फोन लावले. एका शिक्षकामागे किती जण? अँब्युलन्स जागेवर असते का? हेल्मेट तुमचं की आमचं? पावसात काय करता? मकरंद सोफ्यावर पडल्या पडल्या ऐकत होता.

"शाळा बघतेयस की मुलीसाठी स्थळ?" त्यानं विचारलं.

"स्थळ बघताना माझ्या बाबांनी एवढे प्रश्न विचारले असते तर तू सुटला असतास."

तिसरी शाळा त्याच्याच कारखान्यापासून जवळ निघाली. पद्मनाभ नावाचे एक गृहस्थ ती चालवत. तरुणपणी रॅलीत गाड्या चालवलेले, आता पन्नाशी ओलांडलेले. होसकोटेच्या एका मोकळ्या मैदानात ते आधी सकाळभर तपासून घेत, आणि पसंत पडलेल्यांनाच सुट्टीत चार दिवस मोठ्या ट्रॅकवर नेत. फोनवर संयोगिता प्रश्न विचारायच्या आधी तेच विचारू लागले. सर किती वर्षं चालवतात? रात्री चालवतात का? चिडतात का?

"रात्री हल्ली टाळतात," संयोगिता म्हणाली. "समोरच्यांच्या हाय बीमचा त्रास होतो त्यांना."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "शनिवारी घेऊन या अक्का. मी आधी बघायला शिकवतो. पळवायचं नंतर."

हे वाक्य तिला आवडलं. तिनं तीच शाळा पक्की केली.

शनिवारी सकाळी मकरंद इतका खूष होता की गाडीत शीळ घालत होता. मैदानात प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडून वाट आखली होती. शिकवायच्या गाडीत पद्मनाभ शेजारी बसले, संयोगिता मागं. पहिला अर्धा तास तिनं आपला नवरा नव्यानं पाहिला. सरळ रेषेत वेग घेऊन त्यानं नेमका ब्रेक मारला तेव्हा पद्मनाभ मान हलवून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले, आणि मकरंदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं विचारलं, "काय म्हणाले?" तो म्हणाला, "म्हणाले, हात हलके आहेत. कोंबडीची मान न दुखता धरता येईल असे."

मग पुढचा धडा. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं रंगीत झेंडे घेऊन उभी राहिली. नजर समोर ठेवायची, मान वळवायची नाही, आणि कडेला झेंडा हलला की रंग सांगायचा. मकरंदनं गाडी सोडली. पहिल्या वळणाला डावीकडे लाल झेंडा हलला. तो काही बोलला नाही. पुढं उजवीकडे पिवळा. तो गप्पच. संयोगिताला वाटलं, गंमत करतोय. डावीकडचे शंकू एकामागून एक चाकाखाली गेले.

"अजून झेंडे दाखवलेच नाहीत," मकरंद म्हणाला.

पद्मनाभनी गाडी थांबवायला सांगितली. सगळे खाली उतरले. मकरंदला समोर उभं करून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात आडवे पसरले आणि बोटं हलवायला लागले.

"माझ्या नाकाकडे बघा सर. बोटं दिसली की सांगा."

हात हळूहळू आत येत होते. संयोगिता बाजूला उभी राहून आपल्यापुरतं मनात म्हणाली, दिसली. हात आणखी आत आले. मकरंद वाट बघत होता. चेहरा अगदी निवांत, बसची वाट बघावी तसा. हात खांद्यांच्या आत आले, कानांच्या रेषेत आले, आणि बोटं जवळजवळ गालांशी पोचली तेव्हा तो म्हणाला, "हां. दिसली."

पद्मनाभनी पुन्हा एकदा करून बघितलं. मग हात खाली घेतले. गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "आज नको सर. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या."

"माझे डोळे? हा चष्मा लावून दुकानातल्या भिंतीवरची शेवटची ओळ वाचतो मी!"

"समोरचं वाचता. कडेचं दिसत नाही तुम्हाला."

"दोन बोटं हलवून तुम्ही मला सांगणार?" मकरंदचा आवाज चढला. "वीस वर्षं चालवतोय मी. एक ओरखडा नाही."

तेवढं बोलून तो पार्किंगमधल्या आपल्या गाडीकडे निघाला. संयोगिता धावत पुढं गेली आणि ड्रायव्हरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. तिच्या डोक्यात भराभर सगळं येत होतं. जेवताना डावीकडचं पाण्याचं भांडं त्याच्या हातून हटकून सांडायचं. कपाटाच्या उघड्या दारावर तो आदळायचा. सिनेमागृहात तिचा दंड घट्ट धरायचा, आणि ती ते प्रेम समजायची. घरात सगळे त्याला धांदरट म्हणायचे.

"कॅब करू या," ती म्हणाली.

"वेडी झालीस का?"

"मकरंद, प्लीज. कॅब करू या."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती घाबरली आहे हे त्याला दिसलं. गाडी तिथंच ठेवून ते कॅबनं घरी आले.

दोन दिवसांनी डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत बारीक ठिपके चमकत. दिसला की हातातलं बटण दाबायचं. संयोगिता बाहेरून फक्त बटणाचा आवाज ऐकत होती. मधे मधे तो आवाज फार वेळ येत नसे. शेजारच्या खुर्चीवरची बाई आपल्या मोतीबिंदूची हकिगत सांगत होती आणि संयोगिता हूं हूं करत होती.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून वाळत जातो, असा हा आजार. जन्मापासून अंगात असतो. मधली नजर बरीच वर्षं टिकेल, कदाचित. कडा परत येत नाहीत. औषध आज तरी नाही.

"आणि गाडी?" मकरंदनं विचारलं.

"गाडी बंद. आजपासून."

"दिवसाउजेडी? ओळखीच्या रस्त्यानं?"

"नाही."

"ट्रॅकवर? तिथं कडेनं कुणी येत नाही डॉक्टर. एकाच दिशेनं जातात सगळे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या बाजूनं दुसरी गाडी पुढं जात असली तर तुम्हाला ती दिसेल का?"

मकरंदनं खुर्ची मागं सारली. उठताना त्याचा पाय टेबलाच्या कोपऱ्याला लागला. आजवर शेकडो वेळा लागला असेल. त्या दिवशी मात्र खोलीतल्या तिघांनीही तो आवाज ऐकला.

रविवारी ते चामराजपेटेला गेले. मकरंदच्या आई, सुनंदाबाई, एकट्याच राहत. त्यांना सांगायचं कसं हे संयोगितानं मनात घोळून ठेवलं होतं, पण मकरंदनं चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. सुनंदाबाई हातातली कोथिंबीर तशीच धरून बसून राहिल्या.

"माझे अप्पा," त्या अखेर म्हणाल्या. "दिवे लागले की अप्पांना कुणीतरी हात धरून बाजारातून आणावं लागायचं. मीच जायची. सगळे म्हणायचे, रातांधळे आहेत. शेवटी शेवटी दिवसासुद्धा..."

त्यांनी कोथिंबीर खाली ठेवली. मग विचारलं, "हे आईकडून येतं का रे?"

डॉक्टरांनी ते सांगितलं होतं. मकरंद म्हणाला, "कुठूनही येतं गं आई. स्वल्प कॉफी टाक."

"माझ्याकडून आलं ना?"

"आई."

"सांग ना, माझ्याकडूनच आलं?"

तो त्यांच्यापुढं खाली बसला आणि त्यांचे गुडघे धरले. "तुझ्याकडून हे हात पण आलेत," तो म्हणाला. "कोंबडीची मान न दुखता धरता येईल असे. मास्तर म्हणाले, हलके आहेत." सुनंदाबाईंना यातलं काही कळलं नाही. त्या त्याच्या चष्म्याची काच पदरानं पुसत राहिल्या, पुसतच राहिल्या. संयोगिता स्वयंपाकघरात गेली आणि कॉफीचं दूध उतू जाईपर्यंत गॅससमोर उभी राहिली.

सुट्टीतले चार दिवस रद्द करायला संयोगितानं पद्मनाभना फोन केला. त्यांनी फक्त, सर कसे आहेत, एवढंच विचारलं. मग म्हणाले, "गाडी न्यायला या अक्का. उन्हात उभी आहे."

ती एकटी जाणार होती. मकरंद म्हणाला, मीही येतो.

मैदान रिकामं होतं. शंकू उचलून एका कडेला रचले होते. पद्मनाभनी दोघांना चहा दिला. मग शिकवायच्या गाडीकडे बोट दाखवून मकरंदला म्हणाले, "माझ्या बाजूलाही ब्रेक आहे. मैदानात कुणी नाही. एक फेरी मारायची असेल तर बसा सर."

मकरंद उठला. दार उघडून आत बसला, सीट पुढं ओढली, आरसा नीट केला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पद्मनाभ शेजारी बसून किल्ली पुढं करून थांबले. संयोगिताला वाटत होतं, मार बाबा, एक फेरी मार. गाडी सुरू होण्याची वाट बघत ती उभी राहिली.

मकरंदनं हात काढले.

"नको," तो म्हणाला. "एकदा सुरू केली तर थांबवायला जमणार नाही मला."

तो उतरला. पद्मनाभ आतच बसून राहिले, समोर बघत.

घरी जाताना संयोगितानं चालवली. मैदानाच्या फाटकातच गाडी दोनदा बंद पडली. मकरंद डाव्या सीटवर बसून सांगत होता: क्लच सावकाश सोड, आता दुसरा, आरसा बघ. ते हायवेला लागले. के. आर. पुरमच्या आधी गर्दी सुरू झाली. एक स्कूटरवाला डावीकडून, मकरंदच्या काचेला जवळजवळ घासत, एकदम पुढं घुसला. संयोगितानं करकचून ब्रेक मारला. मकरंद पट्ट्यात पुढं फेकला गेला. त्याच्या हाताच्या अंतरावरून गेलेली स्कूटर त्याला दिसलीच नव्हती. ती पार समोर, बंपरसमोर पोचली तेव्हा कुठं तो दचकला.

"कुठून आला हा?" तो म्हणाला.

मागून हॉर्न वाजायला लागले. संयोगितानं गाडी पुढं काढली आणि शेजारून तिला आवाज आला. दहा वर्षांत तिनं तो कधी ऐकला नव्हता. मकरंद तोंडावर दोन्ही हात दाबून रडत होता. तिला त्याला जवळ घ्यायचं होतं. निदान हात धरायचा होता. पण एका बाजूला लॉरी होती, दुसऱ्या बाजूला बस, आणि गियरवरचा हात सोडायची तिला भीती वाटत होती. ती म्हणत राहिली, "आलं हं घर. आलंच." घर अजून खूप लांब होतं.

डिसेंबरची रजा दोघांचीही मंजूर झालेली होती. संयोगितानं विचारलं, रेल्वेनं कुठं जाऊ या का, गोकर्ण, हंपी? मकरंद म्हणाला, तू म्हणशील तिथं. त्यानं तसं म्हटल्यावर तिला कुठंच जावंसं वाटलं नाही. तिनं कोरमंगलातल्या एका साध्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं आणि सकाळी सकाळी गल्लीबोळातून गाडी चालवायला लागली. तो रोज खिडकीत उभा राहून तिला हात करायचा, आणि गाडी वळली की आत जायचा.

हात बसल्यावर एका रविवारी ती त्याला घेऊन सासूबाईंकडे निघाली. तिनं डावीकडचं पुढचं दार उघडून धरलं. मकरंद गाडीला हात लावत मागच्या दाराशी गेला आणि आत बसला.

"पुढं ये ना," ती म्हणाली.

"नको. पुढं बसलं की पाय ब्रेकवर जातो माझा. तिथं ब्रेक नसतो."

तिनं पुढचं दार लावलं, फिरून आपल्या जागी बसली आणि पट्टा लावला.

"आईला फोन कर," ती म्हणाली. "निघालो म्हणून सांग."

तो फोन लावू लागला. तिनं गाडी सुरू केली.