ढेरपोट्या, पाहा उंच जलकुंभ

आमच्या कचेरीत सही करायला कुणालाच आवडत नाही. ज्याची सही, त्याच्याच मानगुटीवर उद्याची चौकशी, हे नवा माणूस रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात शिकतो. म्हणून एखादा साधा कागदसुद्धा या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि शेवटी कंटाळून कपाटात जाऊन बसतो. मी पाणीपुरवठा विभागाची ग्रंथपाल. नोकरीची सगळी वर्षं याच तळमजल्यावर काढली, त्यामुळे हे मी कौतुकानं नाही, वैतागून सांगते आहे.

तर मुख्यालयानं ठरवलं की सरकारी ग्रंथालयं आता संगणकावर न्यायची. जुने अहवाल, नळांचे आणि टाक्यांचे नकाशे, विहिरींच्या पाहण्या, सगळ्याची पानं स्कॅन करायची आणि छापील प्रती रद्दीत द्यायच्या. आम्हाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून प्रत्येक ग्रंथालयाला वर्षभरासाठी एक तात्पुरता तज्ज्ञ मिळाला. आमच्याकडे आला तो पन्नाशी उलटलेला, उंच, जरासा वाकलेला माणूस. पिशवीत बसायची गादी आणि स्वतःचा कप घेऊन आला होता.

"यांना खुर्ची कुठली देऊ?" शिपायानं विचारलं.

"पाहुण्यांना खिडकीजवळची द्या," आमचा सहायक ग्रंथपाल म्हणाला. "जायचंच आहे त्यांना."

तेव्हापासून ते पाहुणे झाले. सहायकालाही आम्ही पाठीमागे नियमकाका म्हणतो, त्यामुळे फिटंफाट.

पाहुण्यांनी याआधी वनविभागात, बंदरावर, तुरुंगाच्या ग्रंथालयात हेच काम केलं होतं. कुठं वर्ष, कुठं सहा महिने. कायमची जागा कधीच मिळाली नाही का, असं मी एकदा सरळ विचारलं. आगाऊपणाच होता तो.

"मिळत होती," ते म्हणाले. "तेव्हा बायको दवाखान्यात होती. मुलाखतीला गेलो नाही. पुढं वय निघून गेलं."

स्कॅन करणं हे कामातलं सोपं काम. खरी कसोटी नोंदीत असते. हे पान कशाचं, कुठल्या गावचं, कुठल्या विषयाखाली शोधायचं, हे लिहावं लागतं. ते नीट लिहिलं नाही, तर पान संगणकात असूनही कुणाला सापडत नाही. पाहुणे त्यात एक जादा ओळ घालायचे, 'पाहा' म्हणून. लोक ज्या शब्दानं विचारतील तो शब्द आधी, मग पाहा, आणि पुढं सरकारी शब्द. त्यासाठी ते आमच्या अर्ज घ्यायच्या खिडकीपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याचं बोलणं ऐकायचे. एक बाई गल्लीतल्या नळाचा नकाशा मागायला आल्या आणि म्हणाल्या, आमचा नळ रुसलाय. संध्याकाळी संगणकात ओळ होती: नळ रुसला, पाहा पाणीपुरवठा खंडित.

"पाहुणे, हे सरकारी ग्रंथालय आहे," मी म्हणाले. "रुसवेफुगवे घरी."

"मॅडम, ज्याच्या घरात पाणी नाही तो काय 'खंडित' म्हणत येणार आहे?"

मी तो शब्द राहू दिला. मनातून मला तो आवडलाही होता, पण तसं बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. थोड्या दिवसांनी आणखी एक ओळ दिसली: ढेरपोट्या, पाहा उंच जलकुंभ.

"हे कोण म्हणतं?"

"म्हणतं कुणीतरी," असं म्हणून ते गालातल्या गालात हसले आणि पुन्हा पडद्याकडे वळले. मी खनपटीला बसले नाही.

प्रत्येक नोंदीच्या खाली एक रकाना होता, 'नोंद करणारा'. तिथं आमच्यापैकी कुणाचंही नाव घालता आलं असतं. पण नियमकाकानं पहिल्याच दिवशी मार्ग काढला. "सगळं पाहुण्यांच्या नावावर टाका," तो म्हणाला. "उद्या चूक निघाली तर खापर फोडायला डोकं नको?" सगळ्यांना ते पटलं. मीही त्या सगळ्यांतच होते. एकेक कपाट रिकामं होत गेलं, मुख्यालयाचा ट्रक यायचा आणि कागद घेऊन जायचा.

नंतर पाहुणे डबा उघडेनासे झाले. उठताना टेबलाचा आधार घ्यायला लागले. गादीवर बसूनही त्यांना धड बसवत नव्हतं. एका दुपारी वाचनकक्षात कुणी नव्हतं तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलंय. डॉक्टर म्हणाले, जे आटपायचं ते आटपून घ्या."

"रजा घ्या," मी म्हणाले.

"तात्पुरत्यांना रजा नसते," ते म्हणाले. "आणि हे पुरं झालेलं मला बघायचंय. बाकीच्या ठिकाणी काय झालं ते कळलंच नाही. तुरुंगात मी नंतर एकदा फोन केला होता. तिथला माणूस म्हणाला, अशा काही नोंदी आमच्याकडे नाहीत."

त्या नोंदी कुठं गेल्या, ते आम्हाला त्याच महिन्यात कळलं. मुख्यालयाचं पत्र आलं. नियमकाकानं ते नेहमीच्या ठसक्यात वाचायला घेतलं आणि मध्येच त्याचा आवाज बसला. तात्पुरत्या तज्ज्ञांची मुदत संपली की त्यांचं लॉगिन बंद होईल. त्यांच्या नावावरच्या नोंदी आणि त्यांना जोडलेली पानं कायम कर्मचाऱ्यानं तपासून आपल्या नावावर घेतली नाहीत, तर त्या आपोआप पुसल्या जातील.

छापील प्रती तर केव्हाच लगद्यात गेल्या होत्या. म्हणजे पाहुणे गेले की त्यांच्यामागून शहराच्या पोटातले सगळे नळ जाणार. नळ कुठून कुठं गेलाय, कुठली टाकी कशावर उभी आहे, हे उद्या कुणी विचारलं असतं तर आम्हाला एक चिटोरंही दाखवता आलं नसतं.

"निम्म्या तुम्ही घ्या, निम्म्या मी घेते," मी नियमकाकाला म्हणाले.

त्यानं मान खाली घातली. "मॅडम, माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय. या वयात चौकशी मागं लागली तर मी कुठं तोंड दाखवू? एवढ्या नोंदींत एक तरी चूक असणारच."

तो खोटं बोलत नव्हता. माझी तर निवृत्तीच जवळ आली होती आणि माझ्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. घरी मी आणि माझी थोरली बहीण, दोघीच. जेवताना तिच्या कानावर घातलं.

"इतकी वर्षं पाटी कोरी ठेवलीस," ताई म्हणाली. "जाता जाता कशाला नसती ब्याद गळ्यात घेतेस? तो कोण तुझा?"

तो माझा कुणीच नव्हता. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्यालयाला फोन लावला. नोंदी मी घेते, पण त्यांचं नाव खाली राहू द्या, एवढंच मागत होते. पलीकडचा माणूस सभ्य होता. "तात्पुरत्यांसाठी वेगळा रकाना नाही, मॅडम. ज्याची जबाबदारी, त्याचं नाव."

मी पाहुण्यांना सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिथं आमच्या विभागाची जुनी उंच टाकी आहे, खाली चार खांब आणि वर फुगलेलं सिमेंटचं पोट.

"म्हणजे माझं नाव जाणार."

"हो."

"आणि पानं राहणार?"

"राहणार."

"मग उशीर कशाला?"

त्यानंतर आम्ही दोघं रोज शेजारी बसलो. ते नोंद उघडायचे, मी अथपासून इतिपर्यंत वाचायची, पानाशी ताडून बघायची आणि बटण दाबायची. खालचं त्यांचं नाव जायचं आणि तिथं माझं यायचं. मला चोरी केल्यासारखं वाटतंय, असं मी एकदा बोलून दाखवलं.

"चोर इतकं बारकाईनं वाचत नाहीत," ते म्हणाले. नंतर बराच वेळ डोळे मिटून बसले. कळ आली की ते असेच बसायचे आणि मी पुढचं पान वाचल्याचं सोंग करायची.

ढेरपोट्या आला तेव्हा माझा हात थांबला. "हे काढू या का? कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"राहू द्या," ते म्हणाले. "माझ्यासाठी एवढं एक करा."

वर्षभरात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं ते पहिलंच. मी बटण दाबलं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी शेवटची नोंद माझ्या नावावर आली. पाहुण्यांनी गादी पिशवीत घातली, सगळ्यांना नमस्कार केला आणि रिक्षात बसून गेले. कप टेबलावरच विसरला. काही आठवड्यांनी शिपाई त्यांच्या समाचाराला गेला आणि तसाच परत येऊन जिन्यात बसला. आम्ही समजलो.

आमच्याकडे कर्मचारी गेला की फलकावर सूचना लावतात. पाहुण्यांसाठी लावा, असं मी म्हणाले, तर नियमकाका म्हणाला, तात्पुरत्यांसाठी तसा नियम नाही. मला त्याचा इतका संताप आला की दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर फलकावर कागद होता. 'आमचे सहकारी' असं लिहून त्यांचं पूर्ण नाव घातलं होतं आणि खाली सही नव्हती. अक्षर नियमकाकाचं होतं. मी त्याच्या टेबलाशी जाऊन उगाचच पेन मागितलं.

पुढं तपासणी आली. मुख्यालयातले साहेब तरुण आणि हुशार होते, भराभर नोंदी चाळत होते. 'नळ रुसला' पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली. पुढं ते थांबलेच.

"ढेरपोट्या? हा शब्द कुठल्या शब्दकोशात आहे, मॅडम?"

"कुठल्याच नाही."

"मग काढून टाका."

"नाही काढणार," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"तर मग लेखी द्या."

मी लिहिलं: सदर शब्द नागरिकांच्या वापरात आहे. खाली सही केली. साहेबांनी ते वाचून विचारलं, "कोणत्या नागरिकांच्या?" मला सांगता येईना. माझ्या सेवापुस्तकात पहिला शेरा पडला, अनधिकृत शब्दांबाबत दुराग्रह. शब्द मात्र राहिला, कारण काढायचा तर तसा लेखी आदेश द्यावा लागला असता आणि आदेशाखाली सही साहेबांची लागली असती.

मध्ये बरेच दिवस गेले आणि एका सकाळी पाहुण्यांची मुलगी आली. लांबच्या गावाहून आली होती. उंची वडिलांची, चेहरा घट्ट आवळलेला.

"बाबांचा कप इथं राहिलाय, असं शिपाईकाका म्हणाले होते," ती म्हणाली.

मी कप कपाटातून काढून दिला. ती निघेना.

"ते इथं नक्की काय करायचे? मी विचारलं की म्हणायचे, पाण्याची कामं. मला वाटायचं टायपिंग असेल. आमची भांडणं व्हायची त्यावरून. एक कायमची नोकरी धरता आली नाही तुम्हाला, असं म्हणायचे मी त्यांना. शेवटच्या फोनवरही तेच बोलले."

मी तिला त्यांच्या खुर्चीत बसवलं, संगणक सुरू करून दिला. काय दाखवावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात तिनं शोधाच्या चौकटीत वडिलांचं पूर्ण नाव टाईप केलं.

एकही नोंद सापडली नाही.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग मी सगळं सांगितलं. मुदत, लॉगिन, पुसली जाणारी पानं, एकच रकाना. तिनं एक नोंद उघडली, दुसरी उघडली. सगळ्यांखाली माझं नाव.

"सगळं तुमच्या नावावर," ती म्हणाली. रागानं नाही.

"हो."

ती उठली, कप पिशवीत ठेवायला खिडकीकडे वळली आणि बाहेर बघून थबकली.

"म्हणजे बाबा रोज या ढेरपोट्यासमोर बसायचे."

"काय म्हणालात?"

"ती टाकी." ती जराशी ओशाळली. "आमच्या जुन्या घरासमोर अशीच होती. लहानपणी मी तिला ढेरपोट्या म्हणायचे. आई रागवायची. बाबा मात्र मुद्दाम विचारायचे, आज ढेरपोट्या जेवला का?"

मी खुर्ची मागं ओढली. "बसा. आत्ता म्हणालात तेच टाईप करा."

तिनं केलं. पडदा टाक्यांच्या नकाशांनी भरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत शहरातल्या सगळ्या टाक्या. सगळ्यांच्या वर ती ओळ होती. तिनं ती वाचली आणि तोंडावर हात धरला. मी साहेबांची, माझ्या लेखी उत्तराची हकीकत सांगितली.

"त्यांनी विचारलं होतं, हा शब्द कोणते नागरिक वापरतात," मी म्हणाले. "तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

ती रडत होती आणि एकेक नकाशा उघडत होती. मी शिपायाला चहा सांगितला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसून विचारलं, "हे कुणी पुसणार तर नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "खाली माझी सही आहे."