बदकाने जोडे लावले तेव्हा

मी एक जुने, जोडे ठेवायचे कपाट आहे. डोंगरउतारावरच्या गल्लीत छत्र्या दुरुस्त करणाऱ्या कान्बेईच्या दाराशी चाळीस वर्षे उभे आहे. त्याच्या वडिलांनी मला घडवले, तेव्हा येणारा-जाणारा माझ्यावर कौतुकाने हात फिरवायचा. आता माझ्या डोक्यावर रद्दी असते.

मित्रांनो, आमच्या गल्लीत शाप पडशासारखे येतात. घरातून निघताना जो "जाऊन येतो" म्हणत नाही, तो वळणावर पोहोचताच प्राणी होतो. "ढुम्म!" होते, त्या आवाजाची घराएवढी अक्षरे हवेत उमटतात, पांढरा धूर निघतो आणि मागे कपडे उरतात. घरच्या माणसाने "आलात? या" म्हटले, की तो पुन्हा माणूस. पण रीत अशी की आधी येणाऱ्याने "आलो" म्हणायचे. प्राण्याने ते कसे म्हणावे? आणि सूर्य मावळला, की शाप कायमचा.

एका सकाळी कान्बेईने बायकोचा, शिझुनोचा, गोड पाव खाल्ला. भांडण झाले. शिझुनो मागे कपडे वाळत घालत असताना तो नाक फुगवून, मुकाट्याने निघून गेला. ते फक्त मी पाहिले, आणि मला तोंड नाही.

दिवस कलताना एक बदक आले. चोचीत पट्टा धरून ते लाकडी जोडे ओढत होते. त्याच्यामागून शेजारचा मोसाकु आला, हातात पातीच्या कांद्याची जुडी.

"वहिनी, रश्श्याला कांदा मी आणला अन् बदक आपल्या पायांनी आलं! याला म्हणतात नशीब!"

"कुणाचं माणूस तर नाही ना ते?" शिझुनोने सुरी घेत विचारले.

"छे! माणूस असता तर बोंबलला नसता?"

बदक तर केव्हाचे बोंबलत होते. माझ्या फळ्या थरथरल्या. सूर्य डोंगराला टेकला होता.

मग बदक गप्प झाले. त्याने जोडे चोचीने फिरवले, टोके दाराकडे केली, शेजारी शेजारी लावले आणि डावा बोटभर पुढे सरकवला. चाळीस वर्षे रोज संध्याकाळी मी कान्बेईला हेच करताना पाहत आले होते. शापाने सारा देह नेला, पण ही सवय त्याला नेता आली नव्हती. मी भारावून गेले.

शिझुनोच्या हातातली सुरी गळून पडली. "अहो... आलात? या!"

ढुम्म! धुरात कान्बेई उभा होता, माझ्यावरची रद्दी अंगाला गुंडाळून.

"आलो," तो म्हणाला.

"पाव माझा होता," ती डोळे पुसत म्हणाली.

"उद्या दोन आणतो."

मोसाकुने कांदे हळूच पाठीमागे लपवले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कधीतरी पुसत जा. आणि दाराशी आलेल्याला "आलो" म्हणता येत नसेल, तर त्याच्या तोंडाकडे पाहत बसू नका. आधी तुम्हीच "या" म्हणा.