किटलीपाशी कोण आहे?

मित्रांनो, आधी नीट बसा. मोठ्यांचे बोलणे मध्येच तोडायचे नसते, आणि या घराण्यात वयाने माझ्याहून मोठे आता कोणी उरलेले नाही. मी एक जुनी तांब्याची किटली आहे. घरभर पाहुण्यांचा चहा एका वेळी माझ्यात मावतो. माझी तोटी किंचित वाकडी आहे, हे खरे. पण तिच्यातून एक थेंब कधी बशीत सांडला असेल, तर सांगा!

माझा जन्म एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. ठोके खाल्ल्याशिवाय आकार येत नाही, हे मी तिथेच शिकले. मला घडवून घेणाऱ्या बाई मोठ्या करारी होत्या. मुले मोठी होऊन वेगवेगळ्या घरी राहायला निघाली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना समोर बसवले आणि माझ्याविषयी एक नियम घालून दिला. ज्या घरी कार्य होईल, त्या घरी मी राहायचे. पुढचे कार्य ज्याच्या घरी, त्याने स्वतः येऊन मला न्यायचे. कोणाच्या हाती मागवायचे नाही. देणाऱ्यानेही मला रिकामी पाठवायचे नाही. आपल्या घरची मूठभर चहापत्ती माझ्यात घालून द्यायची, आणि नेणाऱ्याने आधी ती उकळायची.

या एका नियमाने मला केवढे वैभव दिले! लग्नघरची मूठ घेऊन मी माणूस गेलेल्या घरी गेले आणि तिथला पहिला घोट रडवेल्या माणसांना पाजला. त्याच घरची मूठ पुढे बाळ जन्मलेल्या घरी उकळली, आणि पाळण्याशेजारी बसून सर्वांनी गेलेल्या माणसाची आठवण काढली. कोणाची नोकरी लागली, कोणी निवृत्त झाले, कोणाचा स्मृतिदिन आला, मी हजर. "किटली आली का?" असे विचारल्याशिवाय पाहुणे चपला काढत नसत.

परंतु मित्रांनो, नांदत्या घरालाही दृष्ट लागते. त्या बाईंच्या दोन नातवांपैकी थोरला शिंपी आणि धाकटा बसचालक. थोरल्याच्या मुलीचे लग्न होते. धाकट्याची बायको सकाळपासून माझ्यापाशी उभी राहून चहा ओतत होती. तेवढ्यात बाहेर फोटोवाल्याने सगळ्यांना गोळा केले, हसवले आणि फोटो काढून टाकला. धाकट्या सुनेला हाक मारायचे कोणालाच सुचले नाही. ती पदराला हात पुसत बाहेर आली, तेव्हा खुर्च्या उचलणे चालू होते. धाकटाही वऱ्हाडाची बस लावायला गेलेला, म्हणून तोही फोटोत नव्हता.

"चहा ओतायला आम्ही, फोटोला तुम्ही!" असे म्हणून तो बायकोला घेऊन निघाला.

"अरे, चुकून झालं!" थोरला म्हणाला.

"चुकून आमचाच विसर पडतो, नाही का?"

झाले. तेव्हापासून बोलणे बंद. मी थोरल्याच्या घरीच अडकले. धाकट्याने नवे घर घेतले, तेव्हा त्याने शेजाऱ्यांचे थर्मास मागून आणले. मला न्यायला काही आला नाही. इकडे मला फळीवर चढवले गेले, आणि एके दिवशी कोणीतरी माझ्यात कपड्यांचे चिमटे भरून ठेवले. माझ्यात! चिमटे!

थोरल्याने ते पाहिले आणि घर डोक्यावर घेतले. "उद्या धाकटा न्यायला आला, तर हे चिमटे देऊ त्याला?" त्याने मला खाली उतरवले, आतून कल्हई करून आणली आणि तेव्हापासून तो मला स्वतःच्या हाताने घासू लागला. समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. घासताना तो त्याच्याकडे बघत असे आणि हात थांबत असे. धाकट्याला हाक मारायला मात्र अभिमान आड येत होता.

शेवटी त्या दोघांच्या आत्याबाईंनी सूत्रे हाती घेतली. आईचा करारीपणा त्यांच्यात पुरेपूर उतरला होता. त्यांनी फर्मावले, "माझा पंच्याऐंशीवा वाढदिवस धाकट्याच्या नव्या घरी. आणि चहा किटलीतलाच. इतकी वर्षं जगले, ती काय थर्मासातला चहा प्यायला?"

धाकटा आला. दारातच थबकला.

"आत्याने पाठवलंय. किटली न्यायला आलोय."

थोरल्याच्या गळ्यात मापाची टेप होती. ती चाचपत तो म्हणाला, "मग दारात का उभा? किटली काय चालत येणार आहे?"

"तू आत ये म्हणालास कुठे?"

"तुला कधीपासून म्हणावं लागतं रे?"

धाकटा आत आला, माझ्याकडे पाहून चपापला. "ही तर लखलखतेय!"

"लखलखेल नाहीतर काय," थोरली सून म्हणाली. "स्वतःच्या शर्टाला बटण लावत नाहीत, पण हिला घासत बसतात."

थोरल्याने डबा उघडला आणि एक मूठ चहापत्ती माझ्यात घातली. मग दुसरी. मग तिसरी.

"दादा, एकच मूठ असते."

"मधल्या वर्षांची राहिली होती," थोरला म्हणाला, आणि झाकण लावायला त्याला अंमळ वेळच लागला.

वाढदिवसाला थोरला बाह्या सारून माझ्यापाशी उभा राहिला. धाकट्या सुनेला त्याने जवळ फिरकू दिले नाही. "आज तू बसायचंस," एवढेच तो म्हणाला. बाहेर फोटोवाल्याने सगळ्यांना गोळा केले. "झाले ना सगळे? हसा बघू!"

"थांबा!" धाकटी सून उठून उभी राहिली. "किटलीपाशी कोण आहे?"

सगळ्यांच्या माना आतल्या खोलीकडे वळल्या. हातात कप घेऊन थोरला तसाच उभा होता.

"दादा, या बघू," ती म्हणाली. "चहा कुठे पळून जात नाही."

"चहा ओतायला तुम्ही, फोटोला आम्ही, असं नाही हं चालायचं!" धाकटा ओरडला, आणि इतके हसू फुटले की फोटोवाल्याला थांबावे लागले.

"आणि तिलाही आणा," आत्याबाई म्हणाल्या. "ती माझ्या आईची आहे."

मित्रांनो, त्या फोटोत मी आत्याबाईंच्या मांडीवर आहे. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा, आणि धाकट्या सुनेचा हात माझ्या मुठीवर. तांब्याच्या जिवाला याहून मोठा मान कोणता? ज्यांनी मला घडवले, भरले, घासले, त्या सर्वांची मी ऋणी आहे.

त्या दिवसापासून आमच्या घराण्यात फोटोआधी एकच प्रश्न विचारतात. तोच तुम्हीही विचारत जा. तुमच्या घरी किटली नसेल. पण सगळे हसत उभे असताना आत राबणारे कोणीतरी असतेच. त्याला आधी हाक मारा.

चला, उठा आता. आणि जाताना मला कोरडी पुसून ठेवा. ओली ठेवलेली मला चालत नाही.