पक्क्या छपराखालचे गणपती

हमरापुरात महिपतीच्या परसात पंचायतीनं संडास बांधून दिला. पक्क्या भिंती, वर स्लॅब, पाण्याचा टिपूस आत येईल तर शपथ! महिपतीचा गणपतींचा कारखाना मात्र आषाढात चहूकडून गळायचा. मग काय, शाडूच्या बावीस कच्च्या मूर्ती सुकायला संडासात गेल्या. गणपती बसल्यावर तिथं पाय ठेवायची बिशाद कोणाची? घरदार पूर्वीसारखंच टमरेल घेऊन विहिरीवरच्या चढणीला जात राहिलं.

चढणीवरची घाण पावसाबरोबर विहिरीत उतरते, हे सून अनिताला गेल्या श्रावणात पेणच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा तिच्या मांडीवर दीड वर्षांची सरू होती, जुलाबांनी सुकलेली. सरू घरी परत आली नाही.

आता अनिताला पुन्हा सातवा महिना लागला होता. सकाळी पाऊस उघडला तसा तिनं पदर खोचला आणि एकेक वीतभर मूर्ती उचलून माजघरात आणायला सुरुवात केली. बघता बघता महिपतीच्या खाटेवर गणपतींची रांग लागली.

महिपती हातातलं काम टाकून धावला. "अगो, देवाची जागा हाय ती! बाटवतेस?"

"देव? मामा, चतुर्थीला भटजी मंत्र म्हणंल तवा देव. तवर माती. सोंड तुटली का तुम्हीच भिजवून पुन्हा साच्यात घालता ना?"

महिपती बायकोकडे वळला. "रंभा, समजाव हिला. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे!" अनिताचा आवाज चिरकला. "माझ्या सरूच्या तोंडात आपण काय घातलं? सगळ्यांनी मिळून, त्या विहिरीतून? ह्या पोराला नाय घालू द्यायची मी!"

कुंपणाशी शेजारी जमले होते. शेवटची मूर्ती आत ठेवून अनितानं टमरेल भरलं आणि भर दिवसा, अख्ख्या आळीच्या डोळ्यांदेखत ती संडासात शिरली. कडी तिनं मुद्दाम जोरात लावली.

थोड्या वेळानं दार वाजलं. सासराच असणार, असं समजून ती आतूनच भांडायच्या तयारीत होती.

बाहेर रंभा होती. लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षं ती उजाडायच्या आत नाहीतर अंधार पडल्यावरच चढणीला गेली होती.

"आटप गो," ती म्हणाली. "मी पण टमरेल भरून उभी हाय."