अण्णामामांना दहापैकी दोन

राजीव देवस्थळीने लाँग सर्व्हिस लीव्ह, म्हणजे जुन्या नोकरदारांना मिळणारी लांबलचक पगारी रजा, घेतली आणि थोड्याच दिवसांत त्याची कानाची डॉक्टर बायको सुहासिनी म्हणाली, "हे बघ, एक तर तू ऑफिसला परत जा, नाहीतर मी क्लिनिकमध्येच राहायला जाते."

कारण तसंच होतं. मेलबर्नच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर म्हणून पाइपलाइनी आखण्यात आयुष्य गेलेल्या राजीवने, घरी बसल्या बसल्या, ग्लेन वेव्हर्लीतल्या आपल्या घराच्या स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावले होते. जिरं 'सी'मध्ये, कारण क्युमिन. हळद 'टी'मध्ये. हिंगाचं स्पेलिंग त्याला आठवेना, म्हणून हिंग गॅरेजमध्ये ठेवला होता.

"एखादी हॉबी शोध," सुहासिनी फोडणी करपत असताना ओरडली. "घराबाहेरची!"

त्या शनिवारी कोथिंबीर आणायला निघालेल्या राजीवला शेजारच्या सबर्बातल्या हॉलवर पाटी दिसली : 'कार्ड शो, आज.' त्याला वाटलं, रमीचा अड्डा. लोक जमून पत्ते खेळतात आणि बाकीचे बघतात, असं काहीतरी. तो गाडी वळवून घरी आला, इस्त्रीचा शर्ट घातला, पत्त्यांचे दोन कॅट खिशात टाकले आणि मोठ्या उमेदीने हॉलमध्ये शिरला.

आत टेबलंच टेबलं होती. दाढीवाले, पोट सुटलेले, शॉर्ट्स घातलेले मोठे मोठे बाप्ये हातात भिंग घेऊन प्लास्टिकच्या चपट्या डब्यांत डोळे घालून बसले होते. कुणी हसत नव्हतं, कुणी पिसत नव्हतं.

"डाव कुठे लागतो?" राजीवने पहिल्याच टेबलामागच्या बाईंना इंग्रजीत विचारलं.

त्या बाईंचं नाव शेरिल. उन्हाने तांबूस झालेला चेहरा, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, पुढ्यात भलामोठा कॉफीचा कप. तिने राजीवच्या हातातले दोन कॅट बघितले आणि तिला सगळं समजलं. "डाव नाही, मेट," ती म्हणाली. "बेसबॉलची जुनी कार्डं. अमेरिकेत पूर्वी च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं यायची. ती आम्ही जमवतो."

"ऑस्ट्रेलियात? बेसबॉलची?"

"म्हणूनच इथे गर्दी कमी असते," शेरिल म्हणाली. "बस."

राजीव निव्वळ सभ्यपणाने बसला. दोन-चार कार्डं बघून उठायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण दुसऱ्याच डब्यात त्याला अण्णामामा दिसले.

अण्णामामा म्हणजे राजीवच्या आईचे थोरले भाऊ. वय एक्क्याऐंशी, मुक्काम पुणे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त. आणि इथे, एका जुनाट पिवळट कार्डावर, डोक्यावर टोपी आणि हातात चामड्याचा मोजा घालून, तेच उभे होते. त्याच जुळलेल्या भुवया. काटकोनात निघालेले तेच कान. कर्ज नामंजूर करण्याआधी मामा ओठ जसे मुडपत, तसेच मुडपलेले ओठ. खाली नाव होतं वॉल्ट हॅनिगर, पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा.

"मामा!" राजीव मराठीतच ओरडला. भिंगवाले बाप्ये वळून बघायला लागले.

मग त्याची नजर डब्याच्या वरच्या पट्टीवर गेली. तिथे ठळक आकडा होता : २.

"हे दोन काय?"

"ग्रेड," शेरिल म्हणाली. "कार्ड कंपनीकडे पाठवायचं. ते कोपरे बघतात, कडा, सुरकुत्या, छपाई मध्यभागी आहे का. मग मार्क देऊन डब्यात सील करतात. दहापैकी."

"दहापैकी दोन?" राजीवला मनापासून वाईट वाटलं. मामांनी आयुष्यात कशात दोन मिळवले नव्हते.

"नवशिक्याला उत्तम," शेरिल म्हणाली. "कार्ड अस्सल आहे, हे कंपनीने सांगितलंय. हॅनिगर कुणी मोठा नव्हता, त्यामुळे परवडेल. आणि डबा उघडायचा नाही हं."

कोथिंबिरीऐवजी राजीव अण्णामामांना घेऊन घरी आला.

सुहासिनीने कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला आणि खुर्चीत बसून हसतच सुटली. "अरे, कान बघ! ते कान मी दोनदा तपासलेत!" मुलगा नील क्लेटनच्या युनिव्हर्सिटीतून जेवायला आला होता. तो म्हणाला, "डॅड, दॅट्स सो रँडम," आणि त्याने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

तिथून सगळं बिघडलं.

पंधरा मिनिटांत पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी मामांचा कान आला, मग मामा.

"अरे राजीव, मी अमेरिकेत खेळत होतो की काय!" ते खूश होते. "छान आहे हो. रुबाबदार दिसतोय. आणि वर ते दोन काय लिहिलंय?"

"ते... ग्रेड आहे, मामा."

"कितीपैकी?"

राजीवने नीलकडे बघितलं. नीलने ताटाकडे बघितलं.

"दहापैकी," राजीव म्हणाला.

स्क्रीनवरच्या मामांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग म्हणाले, "रीचेकिंगला टाक."

"मामा, ते तुमचे मार्क नाहीत—"

"चेहरा माझा आहे ना? मग टाक."

प्रकरण इथे थांबलंही असतं. पण अण्णामामांची धाकटी बहीण, म्हणजे राजीवची शोभामावशी, ठाण्याला राहते आणि ग्रुपवरचं सगळं वाचते. तिचा मेसेज आला : 'मी नाही का कुठे? दादाच बरा सापडतो सगळ्यांना.'

राजीव इंजिनिअर होता. काम दिलं की तो ते पुरं करी. पुढच्या शोला तो शेरिलच्या टेबलाशी भिंग घेऊनच बसला. वॉल्ट हॅनिगरच्याच वर्षीच्या सगळ्या कार्डांतून मावशीचा चेहरा शोधता शोधता तो न कळत शिकत गेला. टोकदार कोपरा आणि झिजलेला कोपरा, छपाई एका बाजूला सरकलेली, कडा मुद्दाम कातरून नीट केलेली. शेवटी बड कोलमायर नावाचा एक शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानात चेंडू अडवणारा, सापडला. गोल चेहरा, हनुवटीवर खळी, आणि 'मी आधीच सांगितलं होतं' असा भाव. मावशीच. फक्त बारीक मिशी होती.

मिशीचं तो मावशीला कसं सांगणार होता, कोण जाणे. पण कार्ड विकत घेऊन त्याने फोटो पाठवला, तर तिने मिशीकडे बघितलंच नाही.

"आठ!" ती फोनवर किंचाळली. "मला आठ आहेत! दहापैकी!"

तिने कोलमायरला डीपी ठेवलं. भिशीत दाखवलं. ग्रुपवर 'गुड मॉर्निंग'च्या फुलांऐवजी रोज सकाळी कोलमायर यायला लागला. अण्णामामांनी आधी ग्रुप म्यूट केला, मग सोडला. भाऊबीजेला मावशी पुण्याला गेली, तेव्हा ओवाळून घेताना ते म्हणाले, "आठ मार्कवाल्यांनी आमच्यासारख्यांकडे यायचे कष्ट कशाला घेतले?" ती तबक तिथेच ठेवून ठाण्याला परत गेली.

"तू हे केलंस," सुहासिनी राजीवला म्हणाली. "आणि एक सांगते. माझ्या माहेरचं कुणी दिसलं, तर तिथेच सोडून यायचं."

राजीवने घाबरून ऑनलाइन शोध सुरू केला. मामांसाठी वॉल्ट हॅनिगर, ग्रेड नऊ, कुणीतरी आश्चर्य वाटेल इतक्या स्वस्तात विकत होतं. त्याने विचार न करता मागवला. कार्ड आलं. त्याने डब्यावरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर घातला, तर त्या नंबरावर भलताच कुणी खेळाडू निघाला, तोही आइस हॉकीचा.

"नकली डबा," शेरिलने भिंगाला डोळाही न लावता सांगितलं. "सगळ्यांचं एकदा होतं. आधी नंबर तपासायचा, मग पैसे द्यायचे. आणि आकडा नाही, कार्ड बघून घ्यायचं, मेट."

"मला आकडाच हवाय," राजीव काकुळतीने म्हणाला. "घरात भांडण लागलंय."

नीलच्या ग्रॅज्युएशनला अण्णामामा मेलबर्नला आले. विमानतळावर त्यांनी नातवाला जवळ घेतलं, सुहासिनीची चौकशी केली आणि राजीवला म्हणाले, "ते मार्क देणारे लोक कुठे बसतात?"

मार्क देणारे अमेरिकेत बसतात हे त्यांना पटेना. शेवटी शनिवारी दुपारी राजीव त्यांना हॉलमध्ये घेऊन गेला. मामांनी सफारी घातला होता.

शेरिलने मान वर केली आणि तिच्या हातातला कप टेबलावर कलंडला. कार्डं डब्यांत होती म्हणून वाचली.

"वॉल्ट!" ती म्हणाली.

तिने टेबलाखालून एक बेसबॉलची टोपी काढली आणि काही विचारायच्या आत मामांच्या डोक्यावर घातली. मग वॉल्टचं एक दुसरं कार्ड त्यांच्या गालाशी धरलं. शेजारचे दाढीवाले उठले. त्यांच्या मागचेही उठले. मोबाइल निघाले. राजीवने त्या हॉलमध्ये इतके लोक एकत्र हसताना कधी बघितले नव्हते.

"तुम्ही त्याचे नातेवाईक का?" एका शॉर्ट्सवाल्या आजोबांनी भारावून विचारलं.

"नो, नो," मामा म्हणाले. "बँक. महाराष्ट्र. रिटायर्ड."

याने तर लोक आणखीच खूश झाले. कुणीतरी टोपी पुढे केली, कुणी कॉफीचा कप, सही हवी म्हणून. "कार्डांवर नको!" शेरिल ओरडली. मामांनी खुर्ची मागवली, पेन स्वतःचं काढलं, आणि कॅशियरसमोर लागते तशी रांग लावायला सांगून सह्या केल्या. प्रत्येक सहीखाली सवयीने तारीखही टाकली. एका टोपीवरची सही नीट उमटली नाही, तर ती त्यांनी परत करायला लावली.

रांग ओसरल्यावर मामांचा चेहरा एकदम पडला. ते शेरिलकडे वळले. "मॅडम," ते म्हणाले, "मला दोनच का?"

शेरिलला वाटलं, कार्डाविषयी विचारतायत. राजीव घरून आणलेलं कार्ड धरून उभा होता. तिने ते दिव्याखाली तिरपं धरलं आणि मामांच्या हातात भिंग दिलं. "इथे बघा. मधोमध घडी. कोपरे गोल झालेत. मागे पेन्सिलीच्या रेघा. कुणातरी पोराने हे वर्षानुवर्षं खिशात घालून फिरवलंय. शाळेत नेलंय, मित्रांना दाखवलंय, बहुतेक उशीखाली घेऊन झोपलंय. म्हणून दोन."

राजीवने हे सगळं मराठीत सांगितलं. मामा भिंगातून बघत राहिले.

"आणि आठवालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आठवालं कुणी काढलंच नसेल बाहेर," शेरिल म्हणाली. "पडलं असेल कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये."

अण्णामामा उभे राहिले. टोपी सरळ केली. "राजीव, फोन लाव. शोभेला."

ठाण्याला अजून सकाळच होती. मावशी नुकतीच न्हायली असावी, केस सोडलेले होते. "काय रे दादा? टोपी कसली घातलीयस?"

"शोभा!" मामा इतक्या जोरात म्हणाले की दोन टेबलांवरचे लोक दचकले. "तू ड्रॉवरमध्ये पडून होतीस! मला उशीखाली घेऊन झोपत होते! अमेरिकेत!"

"काय बोलतोयस तू?"

मामांनी सगळं समजावून सांगितलं, घडी, खिसा, पेन्सिल, सगळं. बोलता बोलता त्यांना इतकं हसू यायला लागलं की शेवटचं वाक्य राजीवला पुरं करावं लागलं. पलीकडे मावशीही हसली, आणि मग दोघं भाऊबहीण नुसतीच हसत बसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती दोघं एकमेकांशी बोलत होती.

"जेवलास का?" अखेर मावशीने विचारलं.

"जेवलो. इथे सुहासिनी हिंग कुठे ठेवते देव जाणे, आमटीत कधी नसतोच."

"राजीवला दे जरा फोन."

राजीवने फोन घेतला. मावशीने आवाज खाली आणला, पण स्पीकर चालू होता.

"राजीव, बाळा, ते आठवालं तुझ्याकडेच ठेव. मला तोच तो बड का कोण, पण खराब झालेला हवाय. चांगला चुरगळलेला. दादापेक्षा कमी."

"मावशी, दोनपेक्षा कमी म्हणजे एकच उरतं."

"मग एक आण."

राजीवने शेरिलला विचारलं. तिच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाने आणखी वाईट कार्ड मागायची ही पहिलीच वेळ होती. ती मोठ्याने हसली, गुडघे टेकून टेबलाखालचं जुनं खोकं ओढायला लागली, आणि अण्णामामा टोपी घालून तिच्या शेजारी वाकले.

"मॅडम," ते म्हणाले, "एक मिळालं नाही तरी चालेल हं. घाई नाही."