लाल रेघेपलीकडे

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर माझ्याकडून राहून गेले होते. मैंदर्गीच्या राजेश्वरीने आपल्या आजोबांना, ड्रायव्हर निंगप्पांना, ते पाठवले होते. शेवटी लिहिले होते, 'गाडीतल्या घड्याळाला सांगा, आजोबांना सांभाळ. गाडी सुरू झाली की पहिल्या दिवशी मी बसणार.' निंगप्पांनी ते मला वाचून दाखवले. मी काय बोलणार? माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

मी एक जुना दाबमापक आहे. लोक मला घड्याळच म्हणतात. उमेदीची वर्षे सोलापूरच्या गिरणीत बॉयलरवर गेली. मग भंगार, आणि तिथून या चाचणीच्या बसगाडीत. हिचा नवा ब्रेक दाबला की चाकांचा जोर पोलादी टाकीत तेल कोंडतो. सुटताना तेच तेल चाकांना ढकलते, डिझेल वाचते. जास्तीचे तेल सोडायला एक नळी असते. कोंडलेला दाब मी सांगायचो. पण शेजारी तोच दाब आकड्यांत दाखवणारा झगझगीत पडदा होता, सगळे त्याच्याकडेच बघत.

चाचणीच्या सकाळी बाकांवर माणसांऐवजी वाळूची पोती बसवली होती. इंजिनियर शिवलीला गाडीखालून बाहेर आल्या.

"निंगप्पामामा, तेलाची नळी तुंबलीय. तेवढं बघा."

"तुंबली न्हवं? मग झालं की, मॅडम."

निंगप्पांच्या घरची भाषा कानडी. कानडीत तुंबणे म्हणजे भरणे. नळी तेलाने भरली, असे ते समजले. 'झालं' ऐकून नळी साफ झाली, असे त्या समजल्या. गाडी निघाली.

पहिल्याच ब्रेकला माझा काटा लाल रेघेला टेकला. पडदा मात्र शांत होता. त्याची तार तुंबलेल्या जागेच्या पलीकडे जोडली होती, तिथे दाब पोचतच नव्हता. मला वाटले, मीच चुकतोय, म्हातारा झालोय.

"घड्याळ येडं झालंय का काय, मॅडम?"

"जुनं आहे ते, मामा. पडदा बघा."

टाकी कण्हू लागली. पुढे वळण आले. निंगप्पांचा हात नव्या ब्रेकवर गेला आणि थांबला. ते माझ्याकडेच बघत होते.

"लई थरथरतंय हे," ते म्हणाले, आणि त्यांनी जुना, हवेचा ब्रेक ओढला.

गाडी थांबता थांबता पुढच्या बाकाखाली नळी फुटली; नवा ब्रेक दाबला असता तर टाकीच फुटली असती. माझी काच तडकली. त्या बाकावरची पोती उभी चिरली होती. वाळू बराच वेळ गळत राहिली.

"तुंबलीय म्हणाले होते ना मी?"

"आमच्यात तुंबली म्हंजे भरली, मॅडम."



आता नवी नळी बसली आहे. पडद्याची तार मात्र होती तिथेच आहे, आणि माझ्या जागी भोक बुजवले आहे. मी निंगप्पांच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या खिडकीत असतो. मित्रांनो, जुन्यावर जरूर शंका घ्या, पण ते थरथरू लागले तर एकदा वळून बघा.

काल गाडी सुरू व्हायची तारीख लागली. निंगप्पांनी मला समोर ठेवून कार्ड लिहिले: 'राजी, घड्याळानं मला सांभाळलं. आता ते गाडीत न्हाय. तू बसू नकोस.' आणि चप्पल घालून ते कार्ड टपालपेटीत टाकून आले.