सुरगाठ

धर्माजीच्या आवाजाला रेवदंड्याचा अख्खा किनारा वचकून असे. होडी पाण्यातून वर ओढायची झाली की तो आपल्या जुन्या फोर बाय फोर पिकअपजवळ उभा राहून एकदाच ओरडे, आणि दोरावरची माणसं विचार न करता हिसका देत. विचार करायला लाट वेळ देत नाही, असं त्याचं म्हणणं. घरातही त्याची पट्टी तीच. चहात साखर कमी पडली तरी ते चार घरांना कळे.

पिकअपचं इंजिन ठणठणीत होतं, चारही चाकं ओल्या वाळूत अजून घट्ट पकड घेत. पण खाऱ्या वाऱ्यानं केबिन पार खाऊन टाकली होती. पायाखालचा पत्रा इतका सडला होता की गाडी चालवताना खालचा रस्ता दिसायचा. शेवटी पालीच्या वाटेवर एका भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलची धड केबिन मिळाली. धर्माजीनं ती निळीशार रंगवून घेतली, काचेवर बल्लाळेश्वराचं नाव घातलं, आणि मग तो रोज सकाळी उठून आधी तिच्यावरचा पाचोळा झाडायचा, नंतर दात घासायचा.

केबिन बसवणार होता त्याचा जावई अल्पेश. चौलच्या नाक्यावर त्याचं गॅरेज होतं. हाताचा चांगला, बोलायला कमी, आणि सासऱ्यापुढे तर अगदीच कमी. धर्माजीची मुलगी प्रणाली सातव्या महिन्यात होती. ती दोघांना चहा आणि भाकरी घेऊन आली आणि गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसली.

जुनी केबिन सकाळीच उतरवून बाजूला टाकली होती. गाडीची उघडी चॅसी हाडांच्या सापळ्यासारखी दिसत होती. नवी केबिन उचलायला अल्पेशनं साखळी काढली, तसा धर्माजी गरजला, "साखळी न्हाय लावायची. रंग खरवडंल!"

"मामा, जड वस्तू हाय. साखळीच बरी."

"या दोरानं मी भरल्या होड्या वढल्यात. तू मला दोर शिकवतोस व्हय?"

सासऱ्याशी कोण हुज्जत घालणार? अल्पेशनं साखळी खाली ठेवली. धर्माजीनं होडीचा जाड दोर दोन्ही दारांतून घेतला, टपावर आणला, गाठ मारली आणि छताला टांगलेल्या चेन-पुलीच्या हुकात अडकवला. गाठ मारताना त्याचं लक्ष गाठीकडे नव्हतंच. दोराखाली गोणपाट नीट बसलं का, रंगाला घासत तर नाही ना, हे तो बघत होता. हात आपले सवयीनं चालले होते. अल्पेशनं दोर दोन्ही बाजूंनी ताणून पाहिला. पक्का होता.

चेन-पुली करकरत फिरली आणि केबिन वर गेली. चॅसीवर कमरेएवढ्या उंचीला ती आली तेव्हा अल्पेशला दिसलं, की केबिन ज्यावर टेकते त्यातला एक रबरी बुश जागेवरून सरकलाय. तो नीट बसला नाही तर केबिन तिरकी बसणार. एरवी अल्पेश केबिनखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय बोटही आत घालत नसे. पण काम एका मिनिटाचं होतं, आणि सासरा पलीकडे कमरेवर हात ठेवून उभा होता. तो वाकला. डोकं, खांदे, छाती, सगळं केबिनखाली गेलं.

धर्माजी गाडीच्या दुसऱ्या अंगाला होता. त्याची नजर सहज दोन्ही खिडक्यांतून आरपार गेली. टपावरच्या गाठीचं मोकळं टोक पलीकडच्या दारावरून खाली, अल्पेशच्या पाठीपाशी लोंबत होतं. चांगलं तीन हात लांब.

निरगाठीला एवढं लांब टोक कुणी सोडत नाही.

होडी ओढताना तो सुरगाठ मारायचा. तीच मारायची असते. होडी गाडीला बांधलेली, तेव्हा उलटी लाट होडीला समुद्रात खेचू लागली, तर गाडीही तिच्यामागे जाते. अशा वेळी टोकाला एक हिसका दिला की कितीही वजन असलं तरी गाठ सुटते आणि गाडी वाचते. त्या गाठीनं त्याला दोनदा वाचवलं होतं. आता तीच गाठ केबिनच्या डोक्यावर होती आणि केबिनखाली प्रणालीचा नवरा होता.

वाऱ्यानं केबिन जराशी हलली. तिला थोपवायला अल्पेशनं न बघता एक हात बाहेर काढून वर केला आणि हाताशी आलेलं दोराचं टोक धरलं.

धर्माजीनं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. या आवाजावर दोर ओढायचा, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. अल्पेशनंही सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर येऊन याच दोराला हात लावला होता. आता ओरडलं की तो हिसका देणार, विचार न करता. धावत गाडीला वळसा घालावा, तर पावलांच्या आवाजानं तो दचकणार. केबिन खाली घ्यावी, तर त्याच्याच अंगावर येणार. धर्माजी जन्मभर समुद्राला भ्यायला नव्हता. दारात प्रणाली पोटावर हात ठेवून डुलक्या घेत होती. आता तिच्याकडे बघायची त्याला भीती वाटली.

"अल्पेश," तो हळू म्हणाला. इतकं हळू, की त्याला स्वतःलाच तो आवाज परका वाटला. "बाळा, चा निवतोय. ये भायेर."

आतला हात थबकला. लग्नाला दोन वर्षं झाली, पण या माणसानं त्याला एकदाही बाळा म्हटलं नव्हतं.

"आलोच मामा, बुश बसतोय."

"ऱ्हाऊ दे बुश. ये. दोर सोड, राजा, आनि सावकाश ये."

त्या आवाजाचंच नवल वाटून अल्पेश काय झालं ते बघायला मागे सरकला. छाती निघाली, खांदे निघाले, डोकं निघालं. दोर सोडायचं मात्र तो विसरला. उभं राहताना टोक त्याच्या मुठीबरोबर ओढलं गेलं.

धाडकन आवाज झाला. केबिन चॅसीवर आदळली, काच फुटली, निळा दरवाजा आत दबला. अल्पेशच्या सदऱ्याचं टोक पत्र्याखाली अडकून टर्रकन फाटलं. नाक्यावरचे कुत्रे भुंकत पळाले.

प्रणाली किंचाळत धावली. नवऱ्याचं डोकं, हात, पाठ चाचपून झाल्यावर तिला रडू फुटलं आणि रडता रडता ती त्याच्यावरच चिडली. "लक्ष कुठं असतं तुमचं? मेला असता ना आता!"

अल्पेशच्या मुठीत अजून दोर होता. त्यानं त्याकडे पाहिलं, मग फुटक्या काचेवरच्या नावाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. "मामा, माझ्या हातनं झालं. मीच वढला दोर. तुमच्या केबिनचं वाटोळं केलं."

धर्माजी गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. गाठ सुटून गेली होती. सुटलेल्या गाठीची खूण राहत नाही. त्याच्या मनात हे येऊन गेलं, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

त्यानं अल्पेशच्या मुठीतून दोर काढून घेतला. गॅरेजच्या लोखंडी खांबाभोवती फिरवून झटक्यात गाठ मारली. मग टोक प्रणालीच्या हातात दिलं.

"वढ," तो कसाबसा म्हणाला.

तिला कळेना. तिनं हलकेच ओढलं. गाठ सुटली आणि दोर तिच्या पायांपाशी पडला.

प्रणालीनं दोराकडे पाहिलं, मग बापाकडे. "बाबा, हीच गाठ मारलीवती तुम्ही?"

धर्माजीनं मान हलवली. मग त्यानं खांब धरला. अल्पेश पुढे झाला, त्यानं सासऱ्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि कपात चहा ओतून दिला. चहा पार निवला होता. कप धर्माजीच्या हातात ठरेना, तेव्हा अल्पेशनंच तो त्याच्या तोंडाशी धरला.